आई-बाबांना घेऊन इंग्लंडमधल्या बागा बघायच्यात, कुठल्या बघाव्यात?

शेवंती

नमस्कार मंडळी,
आई-बाबा २० जूनला सांगलीहून आमच्याकडे रेडिंगला येतायत, दीड महिना मुक्काम. मागच्या खेपेला लंडन सगळं पालथं घातलं, टॉवर झाला, बोट झाली, राजवाड्यासमोर दोन तास उभं राहून पहारा बदलताना बघितला, आणि परत गेल्यावर आई शेजारपाजारी सांगत काय होती तर रीजंट्स पार्कातले गुलाब. बाकी कशाचं नावसुद्धा नाही. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी आईला खेड्यापाड्यातल्या मोठ्या बागा दाखवायच्या, निवांत, धावपळ न करता.

आईच्या गच्चीवर साठेक कुंड्या आहेत, गुलाब, शेवंती, अबोली, मोगरा, आणि खाली परसात मोरीच्या पाण्यावर कर्दळ. छाटणी, कलम सगळं स्वतः करते. इंग्रजी जेमतेम. बाबांना इतिहासाची आवड, पण गुडघे दुखतात, एका दमात अर्ध्या तासाच्या वर चालवत नाही. गाडी आहे. चार-पाच जागा निवडायच्यात. प्लीज नुसती नावं देऊ नका, तिथे काय बघायचं तेही लिहा.

केंटकर

केंटमधली सिसिंगहर्स्टची बाग. दुसरं काही नाही झालं तरी हे कराच.

मी तिथून पंचवीस मिनिटांवर राहतो, गेली आठ वर्षं जातोय, अजून मन भरलेलं नाही. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सन यांनी १९३० साली ही जागा घेतली तेव्हा एक जुना उंच मनोरा, पडक्या इमारती आणि वर्षानुवर्षांचा कचरा एवढंच होतं. हॅरॉल्डने रेषा आखल्या, कुठे भिंत, कुठे कुंपण, कुठून कुठे नजर जाईल ते ठरवलं, आणि व्हिटाने त्या चौकटीत झाडं अशी भरली की कुठे रिकामी माती दिसू नये. वाड्यात कसं एका चौकातून दुसऱ्या चौकात जातो तसं वाटतं, फक्त भिंती विटांच्या आणि यू नावाच्या झाडाच्या हिरव्यागार कुंपणांच्या. प्रत्येक चौकाचा रंग वेगळा.

त्यातला एक चौक संपूर्ण पांढरा. पांढरी फुलं, रुपेरी पानं, मध्ये लोखंडी मांडव आणि त्यावर चढवलेला पांढरा वेलगुलाब, तो जुलैच्या सुरुवातीला फुलतो. आईंना तेव्हाच न्या. आणि दुपारी चारनंतर जा, गर्दी ओसरते. हा चौक मुळात संधिप्रकाशात बघण्यासाठीच डोक्यात होता तिच्या. बाकीचे रंग अंधारात विरघळत जातात तेव्हा पांढरा जास्तच उठून दिसतो, हे प्रत्यक्ष उभं राहूनच कळतं.

अजून एक गोष्ट आईंना जरूर सांगा. व्हिटा जवळच्याच नोल नावाच्या प्रचंड वाड्यात वाढली, एकुलती एक मुलगी. १९२८ साली वडील गेले आणि वाडा काकाकडे गेला, कारण ती मुलगी. त्या घरावर तिचा जीव होता. त्यानंतर दोन वर्षांनी तिने हा पडका मनोरा घेतला.

मनोऱ्याला ७८ पायऱ्या आहेत, बाबांना खालीच बसवा.

माळीबुवा

केंटकरांना अनुमोदन. आणि तिथवर जाताच आहात तर दुसऱ्या दिवशी ग्रेट डिक्स्टर करा, गाडीने अर्धा तास. तुमच्या पोस्टमध्ये कर्दळ वाचली म्हणून आवर्जून लिहितोय.

क्रिस्टोफर लॉइड नावाचा माणूस जन्मभर त्याच घरात राहिला आणि बाग करत राहिला. जुनं मध्ययुगीन घर, त्याच्या वडिलांनी १९१० मध्ये घेतलं आणि लट्यन्सकडून वाढवून घेतलं, तोच लट्यन्स ज्याने पुढे नवी दिल्ली आखली. लट्यन्सच्याच आराखड्यातली एक गुलाबाची बाग होती, ती लॉइडने १९९३ मध्ये, वय सत्तरीच्या पुढे, चक्क उपटून काढली आणि तिथे काय लावलं तर केळी, कर्दळ आणि डेलिया! तेव्हा इथल्या बागवाल्यांमध्ये केवढी खळबळ माजली. आपल्याकडे मोरीवर आपोआप वाढणारी कर्दळ तिथे राणीसारखी मिरवते आणि थंडी पडली की केळीच्या खोडांना पालापाचोळ्याचं जाड पांघरूण बांधतात. २००६ मध्ये लॉइड गेला, पण तिथे बाग गोठवून ठेवलेली नाही, दरवर्षी काहीतरी नवीन करून बघतात, आणि देशोदेशीची पोरं माळीकाम शिकायला येऊन राहतात. मीही तिथे काही दिवस तण काढलंय, मला तिथल्या मातीचा वास अजून आठवतो.

एकच लक्षात ठेवा, केळी-कर्दळीची खरी शान ऑगस्ट-सप्टेंबरात. जुलैत गेलात तर गवती कुरणं आणि लांब मिश्र ताटवा बघा.

डर्बीची_माई

चॅट्सवर्थ कोणीच कसं लिहिलं नाही अजून? लांब पडेल तुम्हाला, मान्य, पण एक रात्र राहून करा.

मी मूळची जळगावची म्हणून मला ही जागा फार जवळची. डेव्हनशायरच्या ड्यूकचा वाडा. घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. सहाव्या ड्यूकने १८२६ साली जोसेफ पॅक्स्टन नावाच्या बावीस वर्षांच्या पोराला मुख्य माळी नेमलं, शेतकऱ्याचा मुलगा, आणि त्याने काय काय केलं बघा. काचघरात त्याने केळीचं एक ठेंगणं वाण वाढवलं, फुलवलं, आणि मालकाच्या आडनावावरून त्याचं नाव पडलं कॅव्हेंडिश. इथून ते मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिकच्या बेटांवर गेलं. आज इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळणारं केळं हे त्याच कुळातलं. आणि आमच्याकडची बसराई? तीही कॅव्हेंडिशच, ठेंगणी कॅव्हेंडिश! वडिलांच्या शेतात लहानपणी बसराईच्या घडांना टेकू लावायला मी मदत केलेली आहे. हे कळलं त्या दिवशी मी तिथल्या बाकावर बसून वडिलांना फोन लावला होता.

१८४४ मध्ये रशियाचा झार येणार म्हणून पॅक्स्टनने कारंजं केलं, त्यासाठी वरच्या माळरानावर मोठा तलाव खोदला, काम उरकावं म्हणून रात्री दिव्यांच्या उजेडात सुद्धा माणसं खणत होती. पंपबिंप काही नाही, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी जवळजवळ ९० मीटर उंच उडायचं. झार आलाच नाही. कारंजं मात्र आहे, एम्परर फाउंटन.

त्याचं मोठं काचघर आज नाही. पहिल्या महायुद्धात ते तापवायला कोळसा मिळेना, माणसं लढाईवर गेली, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ते पाडलं. त्या जागी आता झुडपांचा भुलभुलैया आहे, पण पाया अजून दिसतो. पॅक्स्टनने १८४९ मध्ये अमेझॉनचं महाकाय कमळ इंग्लंडात पहिल्यांदा फुलवलं, त्याच्या पानावर स्वतःच्या लहान मुलीला उभं केलं, आणि पानाच्या खालच्या शिरा बघून त्याला काचघराच्या बांधणीची कल्पना सुचली, त्यातूनच पुढे १८५१ च्या प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस.

बाबांना घर आवडेल, आईंना पॅक्स्टनची गोष्ट. पायऱ्यांवरून वाहणारं जुनं पाणी सुरू आहे का ते आधी वेबसाइटवर बघून जा.

इतिहासवेडा

सगळं वाचलं, छान लिहिताय सगळे. पण एक बाजू राहून जातेय आणि ती मला मनापासून मांडाविशी वाटते. हे वाडे आणि बागा कुणाच्या पैशावर उभ्या राहिल्या? जुने वाडे आणि बागा सांभाळणारी इथली संस्था, नॅशनल ट्रस्ट, तिनेच सप्टेंबर २०२० मध्ये अहवाल काढला, त्यांच्या ताब्यातल्या ९३ जागांचा वसाहती किंवा गुलामगिरीशी संबंध असल्याचं त्यात नोंदवलंय. इथे त्यावरून मोठा गदारोळ झाला. आपण कंपनी सरकारच्या देशातली माणसं, आपण तरी हे विसरून नुसते गुलाब बघू नयेत.

एशरजवळचं क्लेअरमाँट, ते रॉबर्ट क्लाइव्हने विकत घेतलं होतं. डर्बीशायरचं केडलस्टन, लॉर्ड कर्झनचं घराणं, आत त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं अख्खं दालन आहे, आणि कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस याच घराच्या नमुन्यावर बांधलं होतं. म्हणजे व्हाइसरॉय म्हणून कर्झन ज्या घरात राहायला गेला ते त्याच्याच घराची प्रतिकृती. बाबांना इतिहास आवडतो ना, मग केडलस्टन दाखवाच, चॅट्सवर्थच्याच जिल्ह्यात आहे.

पण माझ्या मते सगळ्यात आधी सेझिनकोट. ग्लॉस्टरशायरच्या हिरव्या टेकड्यांमध्ये अचानक तांब्याचा हिरवट घुमट आणि मोगली छज्जे. कर्नल जॉन कॉकरेल कंपनीच्या नोकरीतून परतला, १७९५ मध्ये जमीन घेतली, तीन वर्षांत वारला. मग धाकट्या भावाने, चार्ल्सने, म्हणजे हाही कंपनीचाच, तिसऱ्या भावाकडून हे घर १८०५ च्या सुमारास बांधून घेतलं. बागेसाठी सल्ला थॉमस डॅनियलचा, ज्याने हिंदुस्थानभर फिरून देवळांची, लेण्यांची चित्रं काढली होती. ओढ्यावर पूल, पुलाच्या कठड्यावर नंदी, वर सूर्याचं देऊळ. ब्रायटनच्या घुमटवाल्या राजवाड्याच्या आधीचं आहे हे, तो राजवाडा बांधून घेणारा राजपुत्र इथे येऊन गेला होता. खासगी मालकी आहे, ठरावीक दिवशीच उघडतं, नॅशनल ट्रस्टचं कार्ड चालत नाही.

यॉर्कशायरची_लेक

@इतिहासवेडा, मुद्दा पटतो, पण आई पहिल्यांदाच बागा बघणार, त्यांना आधी बागेचा आनंद घेऊ दे की. प्रत्येक फुलापुढे हिशेब मांडत बसलो तर बघणंच होणार नाही.

इतिहासवेडा

आनंद कमी होतो असं मला वाटत नाही. घरच्या माणसाबद्दल सगळं माहीत असूनही त्याच्यावर माया असतेच. उलट माहीत असलं की ती बाग आपल्याशी बोलायला लागते. पुलावरचा नंदी बघून इंग्रज माणसाला जे वाटेल त्यापेक्षा सांगलीच्या बाईला नक्कीच जास्त काहीतरी वाटेल.

कॉर्नवॉलचा_पांथस्थ

दोघांचंही बरोबर आहे, पण मालकांबद्दल बोलताना ज्यांनी कुदळ चालवली त्यांचंही नाव निघायला हवं.

कॉर्नवॉलमधली हेलिगनची बाग. रेडिंगहून चार तास तरी लागतील म्हणून या खेपेला जमणार नाही कदाचित, तरी लिहितो. ट्रीमेन घराण्याची बाग, पहिल्या महायुद्धाआधी ऐन भरात होती. मग माळी लढाईवर गेले, बाग काटेरी वेलींखाली गाडली गेली आणि जवळपास सत्तर वर्षं तशीच पडून राहिली. १९९० मध्ये वादळानंतर लोक आत शिरले तेव्हा भिंतीलगतच्या एका पडक्या खोलीत, माळ्यांच्या संडासाच्या खोलीत, चुन्यावर पेन्सिलीने लिहिलेली नावं सापडली. खाली ऑगस्ट १९१४. युद्ध सुरू झालं तोच महिना. त्यातले बरेच जण परत आलेच नाहीत. भिंतीवर अजून एक ओळ होती, अशा अर्थाची की झोपायला-पेंगायला इथे येऊ नये. मी त्या खोलीत पाच मिनिटं उभा होतो, बोलावंसं वाटेना.

ज्यांनी बाग पुन्हा उभी केली त्यांनी तेव्हाच ठरवलं की इथे मालकाची नाही, या माळ्यांची गोष्ट सांगायची. घोड्याची ताजी लीद खड्ड्यात भरून तिच्या उबेवर अननस पिकवायचा जुना खड्डासुद्धा दुरुस्त करून तिथे अननस काढले. लिदीची ऊब कमीजास्त झाली की रात्री उठून बघावं लागतं. आपल्या शेणखताच्या उकिरड्यातून थंडीत सकाळी वाफ निघते, तेच शास्त्र.

यॉर्कशायरची_लेक

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मी एक वेगळं सुचवते. मोठ्या बागांबरोबर एक तरी घरगुती बाग बघा. नॅशनल गार्डन स्कीम म्हणून आहे, १९२७ पासून चालू, पहिल्याच वर्षी ६०९ लोकांनी आपापल्या बागा शिलिंगभर तिकिटावर उघडल्या होत्या, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकांसाठी पैसे उभे करायला. आजही ठरावीक रविवारी फाटकावर पिवळा फलक लागतो, आत चहा आणि घरचा केक, पैसे नर्सिंगच्या संस्थांना. मालकीणबाई स्वतः हातमोजे घालून उभ्या असतात, काहीही विचारा, सांगतात. रोपंही विकायला ठेवतात. तुमच्या आईंना भाषा येवो न येवो, दोन बागवाल्या बायका समोरासमोर आल्या की पुढचं आपोआप होतं.

माळीबुवा

बाबांच्या गुडघ्यांसाठी: स्टोव्ह आणि स्टाउरहेडसारख्या मोकळ्या बागा सुंदर आहेत पण चालणं खूप आहे, तळ्याला वळसा म्हणजे तास-दीड तास. दोन-तीन ठिकाणी बॅटरीची गाडी असते, पण आधी फोन करा, मागे एका ठिकाणी सासऱ्यांना घेऊन गेलो तर ती गाडी त्या दिवशी बंद, आणि वेबसाइटवर काही लिहिलेलं नाही, भर उन्हात त्यांना परत आणताना माझा जीव अर्धा झाला.

बसल्याबसल्या बघायला एक गोष्ट सांगतो. घरासमोरच्या हिरवळीवर बसून लांबवर मेंढ्या चरताना दिसतात आणि मध्ये कुंपण दिसत नाही, मग त्या मेंढ्या वाफ्यात का येत नाहीत? तर मध्ये खोल चर असतो, घराकडच्या बाजूला उभी भिंत आणि पलीकडे उतार. याला हाहा म्हणतात. केपॅबिलिटी ब्राउन हा नावाजलेला बागरचनाकार, जो १७४१ मध्ये स्टोव्हला कामाला लागला आणि पुढे तिथे मुख्य माळी झाला, त्याच्या बागांत हा चर हमखास सापडतो. बाबांना शोधायला लावा, त्यांना मजा येईल.

आणि डबा न्या. बहुतेक ठिकाणी मोकळ्या कुरणात बसून खाता येतं.

शेवंती

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, आईला फोनवर वाचून दाखवलं. हेलिगनचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. यादी ठरली: सिसिंगहर्स्ट, डिक्स्टर, सेझिनकोट, ग्लॉस्टरशायरमधलीच हिडकोटची बाग आणि एक पिवळ्या फलकाची बाग. चॅट्सवर्थ, केडलस्टन आणि हेलिगन पुढच्या खेपेला, हे आईनेच सांगितलं.

केंटकर

हिडकोटला जाताय तर समोरचं किफ्ट्सगेट सोडू नका, रस्ता ओलांडला की आलं. हिडकोट लॉरेन्स जॉन्स्टनने १९०७ पासून घडवलं आणि १९४८ मध्ये नॅशनल ट्रस्टने खास बागेसाठी म्हणून घेतलेली ती पहिली जागा. किफ्ट्सगेट मात्र अजून एकाच घराण्याकडे आहे, आणि ती बाग केली आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांच्या बायकांनी. तिथला पांढरा गुलाब मोठमोठ्या झाडांवर चढून बसलाय, जुलैत फुलतो.

शेवंती

१९ जुलै. सगळं झालं, आता निवांत लिहिते.

सिसिंगहर्स्टला चारलाच पोचलो. केंटकर, तुम्ही सांगितलेली नोलची गोष्ट मी आईला गाडीत सांगितली होती. ती बाबांना खाली ठेवून ७८ पायऱ्या चढली, एकदाही थांबली नाही. वरून सगळे चौक एकदम दिसतात. मग म्हणाली, "माझ्या माहेरच्या परसात बकुळ होती, दादाने घर विकलं तेव्हा तोडली." एवढंच. मला हे आजवर माहीतच नव्हतं. नंतर आम्ही पांढऱ्या चौकात बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसलो, मांडवावरचा गुलाब पूर्ण फुललेला होता, आणि ढग येऊन उजेड कमी होत गेला तशी ती फुलं जवळ आल्यासारखी वाटायला लागली.

डिक्स्टरला कर्दळ नुकती उमलत होती. आईने पानाला हात लावून बघितला, गावाकडचं कोणी भेटावं तसा.

हिडकोटला एक आजी गुलाबाची सुकलेली फुलं खुडत होत्या. आई जवळ जाऊन उभी राहिली. त्या आजींनी कात्री तिच्या हातात दिली! आईने खाली पाच पानांच्या देठापर्यंत मोजलं, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधला आणि त्याच्या बोटभर वर तिरका काप दिला. आजी म्हणाल्या "परफेक्ट". आईने मग सहा-सात फांद्या केल्या. मी भाषांतराला उभी होते, माझी काही गरज लागली नाही.

सेझिनकोटला पुलावर पोचल्याबरोबर आईने चपला काढल्या आणि नंदीला हात जोडले. मग वर बघून म्हणाली, "नंदी इथे, वर सूर्यनारायण, मग महादेव कुठाय?" बाबांनी तिला कंपनी, कॉकरेल, डॅनियल सगळं सांगितलं, इतिहासवेडा, तुमचंच वाचून. आईने ऐकून घेतलं आणि नंदीच्या पाठीवरचं शेवाळ बोटाने पुसत राहिली. "दोनशे वर्षं झाली बिचाऱ्याला इथे," म्हणाली. बाबा परतीच्या वाटेवर कितीतरी वेळ बोलत होते, आई खिडकीबाहेर बघत होती.

पिवळ्या फलकाच्या बागेत बाबांनी दोनदा केक घेतला.

एक प्रश्न, आईला किफ्ट्सगेटच्या गुलाबाची फांदी किंवा बी न्यायचं होतं. नेता येतं का?

माळीबुवा

नाही हो, असं नेऊ नका. रोप, फांदी, बी काहीही भारतात न्यायचं तर आयात परवाना आणि इथलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, रोग-किडी पसरू नयेत म्हणून. शिवाय तो गुलाब सांगलीच्या उन्हात आणि गच्चीवरच्या कुंडीत तगायचा नाही, त्याला अख्खं झाड लागतं चढायला.

शेवंती

१७ ऑगस्ट. आई-बाबा सुखरूप पोचले. आज सकाळी आईने गच्चीचा फोटो पाठवला. पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात तिने सगळ्या पांढऱ्या कुंड्या एकत्र आणल्यात, मोगरा, तगर, अनंत, निशिगंध, आणि मध्ये जुईसाठी बांबूचा मांडव, बाबांनी बांधलाय. खाली लिहिलंय, संध्याकाळी सातचा फोटो पाठवते, पाऊस थांबला की.